मोठे सर, आपले सर

येत्या रविवारी आमच्या क्लबची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिका परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली. चौथा विषय असा: 'नामांकित माजी खेळाडूची मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती करण्याबाबत विचार करणे.' हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, 2018च्या जुलैतही आलं होतं. त्या सभेत ठरावाच्या बाजूनं जे हात वर झाले, त्यांत माझाही होता. त्यामुळे या वेळी सभेत उभं राहून दोन वाक्यं बोलण्यापेक्षा आधी सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

मी क्लबची स्कोअरर. आधी बाबा वही सांभाळायचे. 2003 साली त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वही माझ्याकडे आली, ती आजतागायत. सोमवार ते शुक्रवार शाळेत गणित शिकवते, आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखालच्या टेबलाशी जातात. क्लब दक्षिण नागपुरातला, जुना आणि छोटा आहे. एक टर्फ विकेट (म्हणजे मातीची खरी खेळपट्टी), दोन सिमेंटच्या पट्ट्या आणि त्यांवर अंथरायचं मॅटिंग. पोरं हिंगण्यापासून, कामठीपासून सायकलनं, बसनं येतात. मोठं काही जिंकल्याचा इतिहास नाही, पण आमची बरीच मुलं विदर्भाच्या वयोगटांच्या निवड चाचण्यांपर्यंत गेली आहेत. आमच्यासारख्या क्लबाची कमाई ती हीच.

2018 साली नागपुरात काय वातावरण होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. 1 जानेवारीला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक पहिल्यांदा विदर्भात आला. 1957-58पासून रणजी खेळणारा संघ, आणि त्याआधी कधी अंतिम फेरीसुद्धा पाहिली नव्हती. रजनीश गुरबानी या आपल्या इंजिनिअर पोरानं अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली. त्याआधी कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला जिंकायला 198 हव्या होत्या आणि ते 192वर संपले. पाच धावांनी! बाबा तेव्हा होते. त्यांनी टीव्हीपुढे बसून शेवटच्या तासाचा स्कोअर हातानं वहीत लिहिला होता. ती पानं माझ्याकडे आहेत, अक्षर थरथरलेलं आहे.

तेव्हा पानटपरीवर, चहाच्या ठेल्यावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच नाव होतं, चंद्रकांत पंडित. त्या मोसमापासून ते विदर्भाचे प्रशिक्षक झाले होते. मुंबईला त्यांनी 2015-16चा करंडक जिंकून दिला होता. इथे आले आणि पहिल्याच वर्षी आपण जिंकलो. इतकं सरळ दिसत असताना दुसरं काही कोण शोधायला जाईल? आमच्या अध्यक्षांनी सभेत तेच सांगितलं. "ताई, नाव पाहिजे आपल्याले. पंडित आले तं विदर्भ जिंकला. आपल्याकडे कोण हाय?" सभेत टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

आमच्याकडे जे होते ते सर मागच्या रांगेत बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वतः कधी क्लबच्या वरचं क्रिकेट न खेळलेले. 19 वर्षं नेट्स तेच बघत होते, महिना सहा हजार मानधनावर. कोणत्या पोराचा बाप रात्रपाळीला असतो, कोण उपाशीपोटी येतो, कोणाला पॅड्स मोठे होतात, हे त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. हात मात्र वर केला नाही, एवढं मला आठवतं.

ऑगस्टमध्ये नवे सर आले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण दोष त्यांच्या एकट्याचा नव्हताच. नाव मोठं होतं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि पंधरा दिवसांत चाळीस नवी मुलं फी भरून दाखल झाली. महिना साठ हजार आणि राहायला मनीषनगरात फ्लॅट, नऊ महिन्यांचा करार. त्यासाठी क्लबची मुदत ठेव मोडली. पोरांनी त्यांना 'मोठे सर' म्हणायला सुरुवात केली, आणि मग आपोआपच जुने झाले 'आपले सर'. कार्यकारिणीनं आपल्या सरांना सहायक केलं. प्रत्यक्षात त्यांच्याकडे किटच्या खोलीची किल्ली आणि रोलर एवढंच उरलं.

मोठ्या सरांना खेळ कळत होता, यात काडीचीही शंका नको. सप्टेंबरातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. आमच्या यष्टिरक्षकाला लेगच्या बाजूचा चेंडू पकडता यायचा नाही, तो शरीर न हलवता नुसता हातमोजा पुढे करायचा. मोठ्या सरांनी दोन यष्ट्यांच्या जागी विटा मांडल्या, फलंदाजाच्या जागी एक खुर्ची ठेवली आणि स्वतः खाली बसून दोन तास चेंडू टाकले. "चेंडू दिसेनासा होतो तेव्हा थांब, घाई करू नको, पाय आधी, हात नंतर." इतकं बारीक, इतक्या चिकाटीनं शिकवणं मी आमच्या मैदानावर आधी पाहिलं नव्हतं. त्या मोसमात त्या पोरानं दिलेल्या बाय, म्हणजे यष्टीमागून सुटून गेलेल्या धावा, निम्म्यावर आल्या, माझ्या वहीत आहे ते. असा माणूस हाती असतानाही आमचं वर्ष वाया गेलं. का गेलं, हाच माझा विषय आहे.

आता कामठीहून येणाऱ्या एका पोराबद्दल. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. डावखुरा फिरकी गोलंदाज. धावत यायचा तो किंचित तिरका, चेंडू सोडताना हात कानाला लागण्याऐवजी जरा बाजूनं यायचा, आणि चेंडू हवेत असा काही तरंगायचा की फलंदाज पुढे यायचा आणि मग फसायचा. 2017-18च्या मोसमात नऊ सामन्यांत 31 बळी. स्कोअरर लोकांना ठाऊक असेल, निर्धाव षटक पडलं की सहा टिंबं जोडून चौकटीत 'एम' काढतात. त्या वर्षी त्याच्या नावापुढची पानं 'एम'नं भरलेली होती. ती काढताना मला सुख वाटायचं. दुसरा शब्द नाही.

मोठ्या सरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हात वर घे, सरळ धावत ये, चेंडू जोरात टाक, हवेत देणारा गोलंदाज आजकाल टिकत नाही. सल्ला चूक होता असं मी म्हणत नाही. पुष्कळ प्रशिक्षकांनी हेच सांगितलं असतं, आणि वर्ष-दोन वर्षं हातात असती तर कदाचित त्यातून वेगळाच चांगला गोलंदाज घडलाही असता. पण सामने दोन महिन्यांवर होते.

डिसेंबरातला एक रविवार. धुकं उशिरा विरलं, टेबलावरची वही ओलसर झाली होती. तिसऱ्या षटकाला तो आला. पहिला चेंडू वाइड, मी अधिकचं चिन्ह काढलं. दुसरा वाइड, पुन्हा अधिक. मग एक टिंब. मग चौकार. मग नोबॉल, त्याचा गोल. पुन्हा वाइड. स्कोअरबुकातली चौकट सहा चेंडूंसाठी केलेली असते. त्या एका चौकटीत मला अकरा खुणा कोंबाव्या लागल्या, शेवटच्या तर रेघेवर गेल्या. षटक संपल्यावर तो कर्णधाराकडे गेला नाही, अंपायरकडून टोपीही घेतली नाही. सरळ माझ्या टेबलाकडे बघत उभा राहिला, जणू मी काहीतरी वेगळं लिहू शकले असते.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "काय होऊन राहिलं रे?"

"मॅडम, बॉल हातातून कधी सुटून राहिला तेच समजत नाही मले."

त्याच संध्याकाळी आपले सर रोलर ओढून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. ते बाबांचे मित्र, मला अजून पोरीच म्हणतात. "पोरी, मी म्हटलं होतं, हात नका बदलू त्याचा. पाय पाहा आधी म्हटलं, पुढचा पाय कुठं पडते ते पाहा. ऐकाले कोणी नव्हतं." मी कार्यकारिणीत होते. ऐकायचं काम माझंही होतं.

मोसम संपला तेव्हा नऊ सामन्यांत दोन विजय. आम्ही खालच्या गटात गेलो. कामठीच्या पोराचे सहा सामन्यांत पाच बळी, आणि शेवटच्या तीन सामन्यांत तो संघातच नव्हता. चाळीस नव्या मुलांपैकी मार्चमध्ये नऊ उरली. मोठे सर फेब्रुवारीतच गेले, करार संपायच्या आधी, कुठलाही तमाशा न करता.

जाण्यापूर्वी एकदा सीमारेषेजवळ चहा पिताना ते जे बोलले ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं. "ताई, मला नऊ महिन्यांत निकाल मागितलाय. मुलं घडवायला तीन वर्षं लागतात. मग जे चटकन दुरुस्त होईल असं वाटतं त्याला हात घालतो मी. दुसरं काय करणार?" पुढे म्हणाले, "आणि संघ मी निवडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे." माहीत होतं. सलामीला कोण जाणार हे वर्गणी कोण देतो यावर ठरत होतं. नंतर फाइल चाळताना त्यांचं ऑगस्टातलं पत्र सापडलं. आणखी दोन टर्फ विकेट तयार करून हव्या आहेत, एक पूर्णवेळ माळी हवा आहे, आणि संघनिवडीचा अधिकार लेखी हवा आहे, अशा तीन मागण्या. पत्रावर 'कार्यकारिणीपुढे ठेवावे' असा शेरा होता. ते कधीच पुढे ठेवलं गेलं नाही. पगारातच पैसे संपले होते, विकेट कुठून होणार?

म्हणजे आम्ही एका माणसाचं नाव आणलं, आणि तो माणूस ज्या गोष्टींवर उभा राहतो त्यातलं काहीही त्याला दिलं नाही.

हे लक्षात आल्यावर मी पंडितांच्या विदर्भाकडे पुन्हा पाहायला लागले, या वेळी स्कोअररच्या नजरेनं. ते आले तेव्हा इथे काय काय आधीपासून होतं? फैज फजल होता. नागपूरचा पोरगा, 2003-04पासून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत आलेला, भारताकडूनही खेळलेला. त्या मोसमात त्यानं 912 धावा केल्या. वसीम जाफर 2015 पासून विदर्भाकडे होता. दुखापतीमुळे 2016-17चा मोसम तो खेळू शकला नव्हता, तरी विदर्भ क्रिकेट संघटनेनं (व्हीसीएनं) त्याचे पैसे दिले. म्हणून 2017-18 तो एकही रुपया न घेता खेळला. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव होता. गोलंदाजी बघायला सुब्रतो बॅनर्जी होते. व्हीसीएच्या निवासी अकादमीत कित्येक वर्षं मुलं तयार होत होती. आणि सगळ्यात मोठी खूण: त्याच हिवाळ्यात विदर्भाच्या 19 वर्षांखालच्या पोरांनी कूचबिहार करंडकही पहिल्यांदाच जिंकला, अथर्व तायडेनं अंतिम सामन्यात 320 केल्या. ती पोरं काही पंडितांनी सहा महिन्यांत घडवली नव्हती.

पंडितांचं श्रेय कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही. तयार संघाला जिंकायची सवय नसते, ती लावावी लागते, आणि ते काम त्यांनी केलं. कडक शिस्त, वेळेची सक्ती, कोणाचा मुलाहिजा न राखणं. 2019च्या फेब्रुवारीत नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर सौराष्ट्राविरुद्धचा रणजीचा अंतिम सामना मी तीन दिवस रजा टाकून पाहिला. पहिल्या डावात आपल्याकडे फक्त पाच धावांची आघाडी. चेतेश्वर पुजारा पहिल्या डावात एकवर आणि दुसऱ्यात शून्यावर बाद, दोन्ही वेळा आदित्य सरवटेच्या गोलंदाजीवर. सरवटेचे सामन्यात 11 बळी. 78 धावांनी जिंकलो. तिथे क्षेत्ररक्षकांच्या जागा षटकागणिक ज्या बदलत होत्या, त्यात प्रशिक्षकाचा अभ्यास स्पष्ट दिसत होता. आमच्या क्लबात त्या वेळी मोठे सर निरोपाची तयारी करत होते. ते दोन्ही एकाच आठवड्यात डोळ्यांसमोर होतं, म्हणून कदाचित मला ते इतकं टोचलं.

माझ्या मामांची काटोलला संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, बघवत नाही. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदून जातं. पाचसहा वर्षांच्या, मुळं खोल गेलेल्या झाडालाच हा ताण सोसतो. दोन वर्षांच्या कलमाला तसाच ताण दिला तर बहार राहिला बाजूला, कलमच वाळून जातं. मामांना मी कामठीच्या पोराचं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "झाड किती वर्षांचं होतं?"

पंडितांचीच पुढची वाट पाहा. 2019-20ला तेच प्रशिक्षक, बराचसा तोच संघ, आणि विदर्भ बाद फेरीतसुद्धा पोचला नाही. मग ते मध्य प्रदेशाकडे गेले. 1999 साली बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते रणजीचा अंतिम सामना हरले होते, 23 वर्षांनी त्याच मैदानावर त्यांच्या संघानं मुंबईला हरवून पहिला करंडक घेतला. तिथेही त्यांना वेळ मिळाला होता आणि रजत पाटीदारसारखी पिकत आलेली पोरं होती. त्यानंतर आयपीएलमध्ये कोलकात्याकडे गेले. 2023ला संघ सातवा, 2024ला विजेता, 2025ला आठवा. एकाच माणसाचे हे तीन निकाल. 2024च्या विजयात गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून होता, म्हणून त्याला भारतीय संघावर आणलं, आणि त्याच वर्षी न्यूझीलंडनं आपल्याला घरच्या मैदानांवर 0-3 हरवलं. पुढच्या मार्चमध्ये चॅम्पियन्स करंडकही त्याच्याच हाताखाली जिंकलो. मग आता तो चांगला प्रशिक्षक म्हणायचा की वाईट? मला वाटतं, हा प्रश्न एवढ्यावरून सोडवताच येत नाही.

ग्रेग चॅपेलचं उदाहरण तर सगळ्यांच्या मनात आहेच. 24 कसोटी शतकं काढलेला माणूस. तो आपला प्रशिक्षक असताना 2007च्या विश्वचषकात आपण बांगलादेशाकडून हरलो, पहिल्याच फेरीत परत आलो. त्याच वर्षी सप्टेंबरात लालचंद राजपूत यांच्यासोबत गेलेली पोरं टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन आली. 1983ला तर संघाबरोबर प्रशिक्षकच नव्हता, मानसिंग व्यवस्थापक म्हणून होते. आणि भारताकडून एकही सामना न खेळलेले अमोल मुजुमदार, प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा काढूनही ज्यांच्या वाट्याला भारताची टोपी आली नाही, त्यांच्या हाताखाली आपल्या मुलींनी 2 नोव्हेंबर 2025ला नवी मुंबईत विश्वचषक उचलला. त्या रात्री मी रडले. 2022च्या रणजी अंतिम सामन्यात पंडितांच्या मध्य प्रदेशाकडून हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक मुजुमदारच होते.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा दाखला आपल्या गावचाच आहे. 2 मार्च 2025. जामठा. रणजीचा अंतिम सामना, समोर केरळ. विदर्भाचे प्रशिक्षक उस्मान गनी, आपल्याच विदर्भाचे जुने खेळाडू. नागपूरबाहेर किती जणांना हे नाव माहीत होतं? आदल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली विदर्भ अंतिम फेरीत मुंबईकडून 169 धावांनी हरला होता. कोणी त्यांना काढलं नाही, 'मोठं नाव आणा' म्हणून संघ मोडला नाही. दुसऱ्या वर्षी दानिश मालेवारनं 153 केल्या, पहिल्या डावात 37 धावांची आघाडी मिळाली, करुण नायरनं दुसऱ्या डावात 135 काढल्या आणि तिसऱ्यांदा करंडक घरी आला. हर्ष दुबेनं त्या मोसमात 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम. डावखुरा फिरकी गोलंदाज. तो हवेत चेंडू द्यायला लागला की मी शेजारी बसलेल्या आपल्या सरांकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त मांडीवर बोटांनी टिंबं मोजत होते.

बाहेरचं नाव कधीच आणू नये असं मी म्हणत नाही. जाफर आणि नायर दोघेही बाहेरचेच, आणि त्यांनी विदर्भाला भरभरून दिलं. आमच्या यष्टिरक्षकाला जे दोन तास मिळाले ते आपल्या सरांकडून मिळाले नसते, हे ते स्वतः कबूल करतात. रविवारच्या सभेत मला पाठिंबा द्यायलाही आवडेल. पण आधी काही गोष्टी कागदावर यायला हव्यात.

मी मांडणार आहे ते असं. आणखी दोन टर्फ विकेट, काळी माती आणि रोलरची दुरुस्ती धरून, आधी. मग माळ्याचा पगार. मग आपल्या सरांचं मानधन सहा हजारांवरून पंचवीस हजार, आणि ते 'सहायक' म्हणून नाही. सोळा वर्षांखालच्या एकाही पोराची शैली त्यांच्या संमतीशिवाय बदलायची नाही. संघनिवड प्रशिक्षकाकडे, कार्यकारिणीतल्या कोणाचाही फोन जाणार नाही, अध्यक्षांचाही नाही. करार तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी खालच्या गटातच राहिलो तरी चालेल, हे सभेच्या इतिवृत्तात लिहायचं. एवढं करून पैसे उरले तर मोठं नाव जरूर आणू, आणि नाही उरले तर दरवर्षी आठ-पंधरा दिवसांसाठी अशा एखाद्या जाणकाराला बोलावू. यष्टिरक्षण शिकवायला मोठ्या सरांनाच बोलवावं असं मी सुचवणार आहे. मागच्या महिन्यात त्यांना फोन केला होता. येतो म्हणाले, आणि पहिला प्रश्न विचारला तो कामठीच्या पोराबद्दल.

त्या पोरानं 2019नंतर खेळ सोडला होता. घरच्या दुकानात बसायला लागला. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मैदानाच्या कडेला गाडी लावून उभा दिसला. पुढच्या शनिवारी परत आला. तिसऱ्या वेळी आपल्या सरांनी काही न विचारता त्याच्या हातात चेंडू दिला. आता 24 वर्षांचा आहे, दुकान बंद करून नेट्सला येतो. हात पुन्हा जुन्यासारखा बाजूनं यायला लागलाय, पण तो तरंगता चेंडू अजून पूर्ण परतलेला नाही. सर म्हणतात, पाय अजून चुकीच्या जागी पडतोय, आणि आधी नेमका कुठे पडायचा ते आता दोघांनाही आठवत नाही.

काल कपाटात माझा जुना फोन सापडला. चार्ज होईल की नाही शंका होती, झाला. त्यात जानेवारी 2018चा एक व्हिडिओ आहे, चाळीस सेकंदांचा, माझ्या टेबलावरून काढलेला. त्या पोराचे तीन चेंडू आहेत, तिसऱ्यावर यष्टिचीत. उद्या सकाळी साडेसहाला तो पोरगा येणार आहे. सरांनी चुन्याची पिशवी आणून ठेवायला सांगितली आहे, व्हिडिओत बघून क्रीझवर त्या पायाची जागा आखायला.